सेलाफिल्ड, आयरिश समुद्र आणि सात वर्षांचा खटला: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

समुद्रात किरणोत्सर्गी सांडपाणी सोडण्यावरून दोन देशांचं वाजलं की आपण आधी विचारतो, पाणी किती घाण झालं आणि चूक कोणाची. आयर्लंड विरुद्ध ब्रिटन या प्रकरणात सात वर्षं गेली आणि या दोन्ही प्रश्नांपर्यंत कुठलंच कोर्ट नीट पोचलं नाही. वेळ गेला तो हे भांडण ऐकायचं कोणी यावर. म्हणूनच मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण असे वाद पुढेही होणार आहेत आणि याच खड्ड्यात पुन्हा पाय जाणार आहे.

सेलाफिल्ड इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कम्ब्रियात, आयरिश समुद्राच्या अगदी काठावर आहे. आधी त्याचं नाव विंडस्केल होतं, १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या रिअ‍ॅक्टरला आग लागली होती तेच हे ठिकाण. अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम काढायला सुरू झालेली ही जागा पुढे वापरलेल्या अणुइंधनाच्या रिप्रोसेसिंगचं, म्हणजे त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम पुन्हा वेगळं काढण्याचं, मोठं केंद्र झाली आणि १९५० च्या दशकापासून तिथलं किरणोत्सर्गी सांडपाणी पाईपलाईननं थेट समुद्रात जात राहिलं. त्यातल्या सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या मध्यात सगळ्यात जास्त होतं, नंतर प्रक्रिया प्लांट आले तसं ते खूप खाली आलं, पण आधी गेलं ते गेलंच, त्यातलं बरंच प्लुटोनियम आणि सीझियम आयरिश समुद्राच्या तळच्या चिखलात बसलंय आणि तिथून हळूहळू पुन्हा पाण्यात येत राहतं.

समोरच्या किनाऱ्यावर आयर्लंड, साधारण १८० किलोमीटरवर. त्यांच्याकडे एकही अणुवीज प्रकल्प नाही, म्हणजे वीजही नाही आणि धंदाही नाही, फक्त शेजाऱ्याच्या पाईपातून येणारं पाणी. लोकांचा राग मुळात यावर होता. डंडॉकच्या काही रहिवाशांनी तर सरकारची वाट न बघता स्वतः आयर्लंडच्या कोर्टात केस टाकली होती, आणि २००२ मध्ये लाखो आयरिश लोकांनी सेलाफिल्ड बंद करा म्हणून पोस्टकार्डं पाठवली, त्यातली कितीतरी थेट ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या पत्त्यावर.

इथंच एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आयर्लंडची स्वतःची किरणोत्सर्ग संरक्षण संस्था दरवर्षी मासे, शिंपले, शेवाळ, पाणी तपासायची आणि त्यांचंच म्हणणं होतं की भरपूर मासे खाणाऱ्या माणसालाही सेलाफिल्डमुळे मिळणारा डोस नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या मानानं फारच थोडा आहे, आजच्या घडीला आरोग्याला मोठा धोका नाही. त्यांची खरी काळजी होती अपघाताची, आणि हे सगळं आपल्याला न विचारता चालतं याची. आयर्लंडची केस कोर्टात जिथं जिथं लंगडी पडली तिथं हा मुद्दा मागे होता.

ठिणगी कुठं पडली

थॉर्प नावाचा मोठा रिप्रोसेसिंग प्लांट १९९४ मध्ये सुरू झाला. जपान, जर्मनी वगैरे देशांचं वापरलेलं इंधन तिथं येणार आणि त्यातून प्लुटोनियम वेगळं निघणार. या प्लुटोनियमचं करायचं काय, तर ते युरेनियमबरोबर मिसळून मॉक्स इंधन बनवायचं आणि परत विकायचं, त्यासाठी शेजारीच मॉक्स प्लांट. त्याचं बांधकाम १९९६ च्या सुमारास झालं पण परवानगी पाच वर्षं लटकली. मधेच १९९९ मध्ये उघड झालं की तिथल्या जुन्या प्रायोगिक मॉक्स युनिटमध्ये जपानला पाठवायच्या इंधनगोळ्यांच्या व्यासाची मोजमापं खोटी भरली होती, आधीच्या लॉटचे आकडे उचलून पुढच्या लॉटला लावलेले. तो माल जहाजानं जपानला पोचला होता, तो २००२ मध्ये परत आणावा लागला.

तरीही ३ ऑक्टोबर २००१ ला ब्रिटिश सरकारनं मॉक्स प्लांटला हिरवा कंदील दाखवला. न्यूयॉर्कचे टॉवर पडून जेमतेम तीन आठवडे झाले होते, प्लुटोनियमची जहाजं आयरिश समुद्रातून जाणार हा विचारच त्या दिवसांत अंगावर येणारा होता. युरोपियन नियमाप्रमाणे फायदा नुकसानापेक्षा जास्त आहे हे दाखवावं लागतं, तर तो हिशोब करताना प्लांट बांधायला गेलेले ४५ कोटी पौंडांच्या वरचे पैसे धरलेच नाहीत, ते आधीच खर्च झालेत म्हणून बाजूला ठेवले. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल होता तो १९९३ चा, आणि त्यात आयरिश समुद्राचा विचार पुरेसा नाही असं आयर्लंडचं म्हणणं.

आयर्लंडपुढे कोणते रस्ते होते

डब्लिनपुढे, म्हणजे आयर्लंडच्या सरकारपुढे, चार रस्ते होते असं मला दिसतं. पहिला, गप्प बसून मंत्रीपातळीवर बोलत राहणं, तो वर्षानुवर्षं चालूच होता. दुसरा, ऑस्पार करार, म्हणजे ईशान्य अटलांटिकच्या रक्षणाचा १९९२ चा करार, त्याच्या कलम ९ खाली माहिती मागता येते. तिसरा, संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार, त्यात प्रदूषण रोखणं, परिणाम आधी तपासणं आणि जवळपास बंदिस्त समुद्राच्या काठच्या देशांनी एकमेकांना सहकार्य करणं ही कलमं आहेत, आणि निवाड्याची सक्तीची सोयही. चौथा, लक्झेंबर्गचं युरोपियन कोर्ट, कारण दोन्ही देश तेव्हा युरोपियन युनियनमध्ये.

चौथा रस्ता घ्यायचा तर युरेटॉमच्या चौकटीत जावं लागणार होतं, आणि युरेटॉम मुळात अणुऊर्जा वाढावी म्हणून झालेला करार, तिथं समुद्राच्या बाजूनं कौल मिळेल याची आयर्लंडला खात्री वाटली नसणार, हे समजण्यासारखं आहे. आणि ज्यांना आयर्लंडनं थॉर्प सुरू होतानाच का नाही अडवलं असं वाटतं त्यांच्यासाठी, सागरी कायदा करार लागू झाला १९९४ च्या नोव्हेंबरात, आयर्लंड त्यात आलं १९९६ ला आणि ब्रिटन १९९७ ला. थॉर्प सुरू झाला तेव्हा हे हत्यार कोणाच्या हातातच नव्हतं.

मग आयर्लंडनं दुसरा आणि तिसरा असे दोन्ही रस्ते एकाच वर्षी धरले. जून २००१ मध्ये ऑस्पारखाली लवाद आणि २५ ऑक्टोबर २००१ ला सागरी कायदा कराराखाली दुसरा लवाद. आणि हा दुसरा लवाद उभा राहीपर्यंत प्लांट थांबवा म्हणून हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाकडे हंगामी आदेशाची मागणी.

हॅम्बुर्ग, डिसेंबर २००१

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथला आहे, आणि तेव्हा तो पराभव म्हणून वाचला गेला.

आयर्लंडचं म्हणणं होतं की एकदा प्लांटमध्ये प्लुटोनियम घातलं की मागे फिरता येत नाही, सगळी यंत्रणा दूषित होते, म्हणून आत्ताच थांबवा. ब्रिटनचं म्हणणं होतं की मॉक्स प्लांटमधून समुद्रात जाणारं प्रमाण नगण्य आहे, आणि उन्हाळा २००२ पर्यंत या प्लांटमुळे समुद्रातून जादा किरणोत्सर्गी वाहतूक होणार नाही अशी हमीही त्यांनी दिली. न्यायाधिकरणानं ही हमी नोंदवून घेतली आणि ३ डिसेंबरला सांगितलं की लवाद बसेपर्यंतच्या थोड्याशा काळात प्लांट थांबवण्याइतकी निकड दिसत नाही. त्याच महिन्यात प्लुटोनियम आत गेलं.

पण आदेश तिथं संपत नाही. न्यायाधिकरणानं स्वतःहून वेगळा आदेश दिला, की दोन्ही देशांनी सहकार्य करायचं, लगेच चर्चा सुरू करायच्या, आयरिश समुद्रावर काय परिणाम होऊ शकतात याची माहिती एकमेकांना द्यायची, धोक्यांवर लक्ष ठेवायचं आणि प्रदूषण होऊ नये म्हणून उपाय ठरवायचे. सहकार्याचं कर्तव्य हे सागरी प्रदूषण रोखण्याच्या कायद्यातलं मूलभूत तत्त्व आहे असं त्यांनी स्पष्ट लिहिलं, आणि सावधगिरी बाळगायची तर माहिती द्यावीच लागते असा धागाही जोडला. आयर्लंडनं मागितलं होतं एक आणि पदरात पडलं दुसरं, पण जे पडलं ते टिकाऊ होतं. २००३ मध्ये मलेशिया-सिंगापूरच्या भराव टाकण्याच्या वादात याच धाग्यावर आदेश निघाला.

काळं फासलेली पानं

ऑस्पारचा लवाद ऐकायला कंटाळवाणा वाटतो पण माझ्या मते इथंच खरं पाणी मुरत होतं. ब्रिटिश सरकारनं मॉक्सच्या आर्थिक फायद्यावर सल्लागार कंपन्यांकडून दोन अहवाल करून घेतले होते, एक १९९७ चा आणि एक २००१ चा. लोकांसमोर आले तेव्हा महत्त्वाचे आकडे काढून टाकलेले, कारण दिलं व्यापारी गुपित. आयर्लंडनं काय काय काढलंय याची १४ प्रकारांची यादी केली. प्लांट वर्षाला किती इंधन बनवू शकतो, विक्री किती होईल, पक्की कंत्राटं किती आहेत, किंमत काय, किती वर्षं चालेल, माणसं किती, जहाजं किती आणि कशी जाणार. समुद्राशी याचा संबंध काय असं वाटेल, पण प्लांट खरंच चालणार आहे का, किती चालणार आहे आणि त्यासाठी किती प्लुटोनियम समुद्रावरून फिरणार आहे हे याच आकड्यांतून कळणार होतं.

२ जुलै २००३ ला निकाल आला, दोन विरुद्ध एक. देशाला माहिती मागायचा हक्क आहे आणि तो आंतरराष्ट्रीय लवादापुढे मांडता येतो, इथपर्यंत आयर्लंडचं बरोबर ठरलं. पण हे १४ प्रकार म्हणजे समुद्राच्या स्थितीबद्दलची माहिती नव्हे म्हणून मागणी फेटाळली. लवादाच्या तिसऱ्या सदस्यानं असहमती नोंदवली.

आता पुढे काय झालं बघा. मॉक्स प्लांट वर्षाला १२० टन इंधन बनवेल असा आराखडा होता. २०११ च्या ऑगस्टमध्ये तो बंद करायचा निर्णय झाला, जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघातानंतर जपानी गिऱ्हाईक उरणार नाही हे दिसल्यावर, आणि तोवर दहा वर्षांत मिळून त्यातून सुमारे १३ टन इंधन बाहेर पडलं होतं. म्हणजे क्षमता, विक्री आणि कंत्राटं हे जे आकडे आयर्लंडला बघू दिले नाहीत नेमके तेच फसले होते, आणि ते २००१ मध्ये उघडपणे तपासले गेले असते तर प्लुटोनियम आत घालायच्या आधीच हा प्लांट थांबला असता असं मला मनापासून वाटतं.

हेगमध्ये घोडं अडलं

मुख्य लवादाची सुनावणी जून २००३ मध्ये हेगला सुरू झाली. मोठी तयारी, शास्त्रज्ञ, ढीगभर कागद. आणि तिथं प्रश्न उभा राहिला की सागरी कायदा करारात युरोपियन समुदाय (युरोपियन युनियनचं तेव्हाचं कायदेशीर रूप) स्वतःही सदस्य आहे, मग त्यातली ही कलमं युरोपियन कायद्याचाच भाग होतात का, आणि तसं असेल तर दोन सदस्य देशांनी आपसातलं भांडण बाहेरच्या लवादाकडे कसं नेलं. युरोपियन कमिशन यावर विचार करतंय हेही लवादाला कळलं. २४ जूनला लवादानं कामकाज थांबवलं, सहकार्याचा हॅम्बुर्गचा आदेश मात्र कायम ठेवला.

त्यानंतर कमिशननं आयर्लंडवरच केस केली. ३० मे २००६ ला युरोपियन कोर्टानं निकाल दिला की असा वाद ऐकायचा अधिकार फक्त आमचा, आयर्लंडनं बाहेर जाऊन आणि आधी कमिशनशी सल्लामसलत न करून युरोपियन कायदा मोडला. म्हणजे तक्रार घेऊन गेलेला देश दोषी ठरला आणि पाईपाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये आयर्लंडनं दावा मागे घेतला, जून २००८ मध्ये लवादानं फाईल बंद केली.

दरम्यान नॉर्वेनं काय केलं

याच काळात याच पाईपवरून नॉर्वेचंही भांडण चालू होतं आणि ते शेजारी ठेवून बघितल्याशिवाय हा अभ्यास अर्धवट राहतो.

सेलाफिल्डमध्ये जुनं मध्यम पातळीचं सांडपाणी टाक्यांत साठवलेलं होतं. १९९४ मध्ये त्यावर प्रक्रिया करणारा नवीन प्लांट आला, तो लोहाच्या गाळाबरोबर प्लुटोनियम आणि अमेरिशियम खाली बसवायचा, चांगलंच होतं ते, पण टेक्नेशियम-९९ हे किरणोत्सर्गी द्रव्य पाण्यात विरघळलेलंच राहायचं आणि तसंच समुद्रात जायचं. १९९५ ला एका वर्षात १९० टेराबेकरेलच्या (टेराबेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आसपास गेलं. या टेक्नेशियमचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांच्या वर. प्रवाहाबरोबर ते स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रात आणि तिथून काही वर्षांत नॉर्वेच्या किनाऱ्याला पोचलं, तिथल्या शेवाळात आणि शेवंडींमध्ये सापडायला लागलं. डोस कमीच होता, पण ज्या देशाची ओळखच स्वच्छ पाण्यातले मासे आहे त्याला हे परवडणारं नव्हतं.

नॉर्वेनं खटला भरला नाही. १९९८ मध्ये पोर्तुगालमधल्या सिंट्रा इथं ऑस्पार देशांच्या मंत्र्यांनी ठरवलं होतं की २०२० पर्यंत किरणोत्सर्गी विसर्ग इतका कमी करायचा की समुद्रातली जादा पातळी शून्याजवळ येईल, ब्रिटनचीही त्यावर सही होती. नॉर्वे ते आश्वासन धरून बसला, आयर्लंड आणि नॉर्डिक देशांना बरोबर घेतलं, कोर्टात जायचा विचारही जाहीरपणे बोलून दाखवला, आणि मागणी एकच ठेवली, टेक्नेशियम. ही मागणी अशी होती की तिला तांत्रिक उत्तर शक्य होतं. टीपीपी नावाचं रसायन टाकलं की टेक्नेशियम गाळात उतरतं, अडचण एवढीच की तो गाळ सिमेंटमध्ये साठवल्यावर टीपीपी टिकेल का यावर ब्रिटिश नियामकांना शंका होती. २००३ मध्ये विसर्ग काही महिने थांबवून चाचणी घेतली, ती जमली, आणि २००४ पासून टेक्नेशियम झपाट्यानं खाली आलं. वार्षिक मर्यादा आधी २०० होती, २००० मध्ये ९० झाली, नंतर १० टेराबेकरेल.

शेवटी हातात काय आलं

आयर्लंडला एकही खटला जिंकता आला नाही हे खरं. पण हॅम्बुर्गच्या आदेशाखाली दोन्ही सरकारांचे अधिकारी नियमित भेटायला लागले, आयर्लंडच्या किरणोत्सर्ग संस्थेला ब्रिटनच्या मोजणी जाळ्यातला डेटा मिळायला लागला, त्यांच्या तज्ज्ञांना आणि पोलिसांना सेलाफिल्डमध्ये जाऊन बघता आलं, अपघात झाला तर लवकर कळवायची व्यवस्था घट्ट झाली. याची गरज किती होती ते २००५ मध्ये दिसलं. थॉर्पमध्ये एक पाईप तुटून नायट्रिक आम्लात विरघळलेलं ८३ घनमीटर इंधन काँक्रीटच्या बंद खोलीत साचलं होतं आणि कित्येक महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. समुद्रात काही गेलं नाही, कंपनीला पाच लाख पौंड दंड झाला.

थॉर्प २०१८ मध्ये बंद झाला आणि सेलाफिल्डचं शेवटचं रिप्रोसेसिंग २०२२ मध्ये थांबलं. कारण धंद्यात जीव उरला नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, निशाणा. मॉक्स प्लांटचा स्वतःचा विसर्ग खरंच नगण्य होता, आयर्लंडचा खरा मुद्दा हा होता की मॉक्समुळे थॉर्प जास्त वर्षं चालेल. हा मुद्दा बरोबर होता पण दोन पायऱ्या लांबचा, आणि निकड सिद्ध करायची वेळ आली की दोन पायऱ्या लांबचं नुकसान कोणी धरत नाही. टेक्नेशियम मोजता येत होतं, सापडत होतं, थांबवताही येत होतं. आयर्लंडनं २००१ च्या दाव्याचा केंद्रबिंदू तो ठेवला असता तर हॅम्बुर्गमध्ये चित्र वेगळं दिसलं असतं.

दुसरी, ब्रसेल्सला आधी विचारणं. आयर्लंडचे वकील हुशार होते, त्यांना हा धोका दिसला नसेल असं मी म्हणणार नाही, पण दाव्याआधी कमिशनचं लेखी मत घेतलं असतं तर दोन वर्षांची तयारी वाया जायची वेळ आली नसती. आलेलं मत विरुद्ध असतं तरी निदान वेळेवर कळलं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही आणि सागरी कायदा करारात १९९६ पासून आहे. ज्या अडथळ्यावर आयर्लंड आपटलं तो नॉर्वेच्या वाटेत नव्हताच. आयर्लंडनं पुरावा आणि पैसा द्यायचा आणि दावा नॉर्वेनं लावायचा, असं ठरलं असतं तर लवादाला मूळ प्रश्नावर बोलावंच लागलं असतं. अर्थात मग टीपीपीची चाचणी तितक्या सहज झाली असती का, हाही प्रश्न आहे, कारण खटला उभा राहिला की इंजिनिअर गप्प होतात आणि वकील बोलायला लागतात.

फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडण्याच्या वादात याच निवडी पुन्हा समोर आल्या. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी जपानविरुद्ध हॅम्बुर्गला जाता येईल का ते तपासायला सांगितलं होतं, दावा झाला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये विसर्ग सुरू झाला, वर्षाला २२ टेराबेकरेल ट्रिटियमची (हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप) मर्यादा ठेवून, आणि चीननं जपानी सीफूडवर बंदी घातली. २०२४ च्या सप्टेंबरात जपान आणि चीनमध्ये ठरलं की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या चौकटीत चीनसह इतर देशांच्या तज्ज्ञांनी स्वतः नमुने घ्यायचे. आयर्लंड २००१ मध्ये जे मागत होता त्याच्या हे फार जवळ जातं, आणि माझ्या मते ते विसर्गाआधी व्हायला हवं होतं.

सेलाफिल्डही संपलेलं नाही. मॅग्नॉक्स नावाच्या जुन्या रिअ‍ॅक्टरांच्या इंधनाच्या टरफलांचा जो सायलो, म्हणजे साठवणीची कोठी, आहे तो जमिनीत गळतोय हे २०१९ मध्ये जाहीर झालं, तो रिकामा करायचं काम दशकानुदशकं चालणार आहे, आणि ब्रिटन आता युनियनमध्ये नसल्यामुळे २००६ चा तो अडथळा त्याच रूपात उरलेला नाही. डब्लिननं हॅम्बुर्गचा तो सहकार्याचा आदेश पुन्हा काढून वाचावा आणि सायलोचे आकडे दर तिमाहीला मागावेत, काळं न फासलेले.